हृदयाचे ऑपरेशन झाले, पण फाईल बंद करू नका

छातीच्या मधोमध उभा व्रण असलेला एखादा तरुण किंवा तरुणी आपल्या वस्तीत असतेच. विचारले तर घरचे सांगतात, "लहानपणी हृदयाला छिद्र होते. ऑपरेशन झाले. आता काही त्रास नाही." ते खरेही असते. पोरगा शाळा शिकतो, आयटीआय करतो, ठेकेदारामार्फत भोसरीत नाहीतर चाकणला कंपनीत लागतो. ऑपरेशनचे कागद पेटीच्या तळाशी जातात. खोली बदलताना हरवतात, नाहीतर पावसाळ्यात भिजून जातात.

मग एखाद्या रात्री नाईट शिफ्टला मशीनवर उभे असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. तो खाली बसतो, अर्ध्या मिनिटात सावरतो. सोबतचे म्हणतात, जेवला नसशील. महिनाभराने पुन्हा तसेच होते. आता कोणी म्हणते फिट आली, कोणी म्हणते अशक्तपणा आहे, कोणी म्हणते बाहेरचे लागले. हृदयाकडे कोणाचेच लक्ष जात नाही, कारण "त्याचे तर लहानपणीच ऑपरेशन झाले आहे ना!"

याच समजुतीबद्दल या वेळच्या आरोग्य पानावर बोलायचे आहे. लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेल्या काही जणांना मोठेपणी पेसमेकर बसवावा लागतो. सगळ्यांना नाही, पण काहींना लागतो. वेळेत कळले तर तो माणूस पुढे अनेक वर्षे काम करतो, संसार करतो. कळले नाही तर मात्र एखादी चक्कर जीवावर बेतू शकते.

हृदयातली वायरिंग

हृदय हा पंप आहे हे आपण जाणतो. पण पंप चालायला वीज लागते, आणि हृदय आपली वीज स्वतःच तयार करते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरच्या बाजूला, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा बारीकसा इशारा देतो. हा इशारा वरच्या दोन कप्प्यांतून पसरत हृदयाच्या मध्यावर असलेल्या दुसऱ्या पुंजक्याकडे येतो. तिथे क्षणभर थांबून तो एका बारीक तारेसारख्या वाटेने खालच्या दोन कप्प्यांत उतरतो. तो पोहोचला की खालचे कप्पे आकुंचन पावतात आणि रक्त अंगभर जाते.

म्हणजे वर मेन स्विच, मध्ये जंक्शन आणि खाली जाणारी वायर. मेन स्विच मंद झाला तर नाडी मंद होते. जंक्शनवर किंवा वायरमध्ये खंड पडला तर वरचा इशारा खाली पोहोचत नाही. याला डॉक्टर "हार्ट ब्लॉक" म्हणतात. इथे एक गोंधळ टाळला पाहिजे. हार्ट अ‍ॅटॅकच्या वेळी आपण "ब्लॉकेज" म्हणतो, ते रक्तवाहिनीतले असते. हार्ट ब्लॉक हा विजेच्या वाटेतला खंड आहे. त्यावर अँजिओप्लास्टी उपयोगाची नाही.

ऑपरेशनचा आणि विजेचा संबंध काय?

जन्मजात छिद्रांपैकी नेहमी आढळणारे एक छिद्र खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात असते. विजेची वायर बहुतेक वेळा याच छिद्राच्या कडेने जाते. सर्जन छिद्रावर ठिगळ शिवतो तेव्हा टाका या वायरच्या अगदी जवळ पडतो. वायर डोळ्यांना दिसत नाही. कितीही कुशल हात असला तरी शंभरातल्या साधारण एक ते तीन मुलांच्या बाबतीत कायमचा ब्लॉक राहतो. पुष्कळदा सूज उतरली की वायर पुन्हा चालू होते, म्हणून डॉक्टर साधारण ७ ते १० दिवस वाट पाहतात आणि मगच कायमचा पेसमेकर बसवतात.

ही झाली लगेच दिसणारी अडचण. दुसरी अडचण सावकाश येते. ज्या ठिकाणी टाके पडले तिथे व्रण राहतो, आणि व्रणातून वीज नीट वाहत नाही. वरच्या कप्प्यांत मोठी दुरुस्ती झालेल्यांचा मेन स्विच वर्षे उलटल्यावर मंदावू शकतो. मधला जोड हळूहळू कमजोर होऊन दहा, पंधरा, वीस वर्षांनीही ब्लॉक होऊ शकतो. काही जणांच्या हृदयाची रचनाच जन्मतः उलटसुलट असते. खालचे दोन कप्पे अदलाबदल झालेल्या एका प्रकारात तर ऑपरेशन झाले असो वा नसो, दर वर्षी शंभरातल्या साधारण दोघांना पूर्ण ब्लॉक होण्याचा धोका असतो.

यात कोणाची चूक शोधत बसू नये. ऑपरेशन केले नसते तर यांतली बरीच मुले मोठी झालीच नसती. ऑपरेशनने आयुष्य दिले, आता ते सांभाळायचे आहे.

अठराव्या वर्षी सुटणारा धागा

आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ मुलांची ऑपरेशने सरकारी योजनांमुळे झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत डॉक्टरांचे पथक येते, छातीला नळी लावते, शंका आली की मोठ्या रुग्णालयात पाठवते. त्याच सुमारास, २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. ज्यांच्या बापाच्या हातात महिन्याचा पगार टिकत नव्हता, त्यांच्या मुलांची हृदये या योजनांमुळे दुरुस्त झाली.

पण बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे. शाळेतली तपासणी संपते. मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि मोठ्यांच्या डॉक्टरांकडे कोणी जातच नाही. मुलगा कामाला लागलेला असतो, खाडा केला तर पैसे कापले जातात. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते. तेव्हाची ती मुले आज विशीत आहेत. त्यांना कोणी फोन करून बोलावणार नाही. हा धागा आपणच धरून ठेवायचा आहे.

ही लक्षणे अंगावर काढू नका

लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेल्या व्यक्तीला पुढीलपैकी काहीही जाणवले तर वाट पाहू नये:

– उभे असताना किंवा काम करताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, चक्कर येऊन पडणे
– पूर्वी सहज चढत असलेल्या जिन्यावर आता दम लागणे
– झोप झाली तरी थकवा, कामात लक्ष न लागणे
– छातीत अचानक धडधड सुरू होणे आणि अचानक थांबणे
– पायांवर सूज येणे
– नाडी फार मंद किंवा अनियमित लागणे

नाडी मोजायला यंत्र लागत नाही. पाच मिनिटे शांत बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवा. घड्याळ लावून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. ६० ते १०० हा साधारण आकडा आहे. खेळाडू आणि अंगमेहनत करणाऱ्यांची नाडी थोडी कमी असू शकते. पण ५० च्या खाली नाडी आणि सोबत चक्कर, किंवा ४० च्या खाली नाडी, असे असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

कोणी बेशुद्ध पडले तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी ओतू नका. आडवे झोपवा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, १०८ ला फोन करा. हाक मारून हलत नसेल आणि श्वासही चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्ध आली तरी त्याला घरी नेऊ नका, ईसीजी काढल्याशिवाय परत येऊ नका. आणि डॉक्टरांना पहिलेच वाक्य सांगा: "याचे लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झाले आहे."

कधी कधी ईसीजी काढताना सगळे ठीक दिसते, कारण ब्लॉक येतो आणि जातो. तेव्हा २४ तास अंगावर बांधून ठेवायचे होल्टर नावाचे यंत्र लावतात. सोबत इको करतात. "ईसीजी नॉर्मल आला" एवढ्यावर समाधान मानू नका. चक्कर पुन्हा आली तर पुन्हा जा.

पेसमेकर म्हणजे काय?

काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, चपटे, बंद धातूचे यंत्र. वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम. त्यातून एक किंवा दोन बारीक तारा निघतात. बहुतेक वेळा गळ्याच्या हाडाखाली छोटा छेद घेऊन यंत्र कातडीखाली ठेवतात आणि तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक मोठ्या माणसांना जागा बधिर करून हे होते, आणि साधारण एक-दोन तास लागतात. यंत्र हृदयावर लक्ष ठेवते. ठोका वेळेत आला तर गप्प बसते, आला नाही तर बारीक इशारा देऊन ठोका पाडते. बॅटरी साधारण ७ ते १२ वर्षे चालते, मग यंत्र बदलावे लागते. बदलण्याची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा लहान असते.

पेसमेकर मंद हृदयासाठी आहे. काहींच्या हृदयाची गती उलट अचानक घातक वेगाने वाढते. लहानपणी "निळे बाळ" म्हणून ऑपरेशन झालेल्यांत हा धोका अधिक असतो. त्यांतल्या काहींना झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारे वेगळे यंत्र लागते. कोणाला काय, हे तपासणीवरूनच ठरते.

"पेसमेकर म्हणजे म्हाताऱ्यांचे काम" असे आपल्याला वाटते. पण या यंत्राचा इतिहासच मुळी छिद्र बुजवलेल्या लहान मुलांपासून सुरू होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय मुलांच्या हृदयातली छिद्रे बुजवत, आणि काहींना ऑपरेशननंतर ब्लॉक होई. १९५७ मध्ये त्यांनी हृदयाला तार जोडून बाहेरच्या यंत्राने ठोके द्यायला सुरुवात केली. ते यंत्र भिंतीतल्या प्लगवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहरातली वीज गेली, आणि त्यात एक बाळ दगावले असे सांगितले जाते. वीज जाणे म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. लिलेहाय यांनी अर्ल बाकन या इलेक्ट्रिकच्या कारागिराला गाठले, आणि त्याने काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारी, अंगावर बांधता येणारी डबी तयार केली. पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ ला, स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पूर्ण पेसमेकर बसला. त्यानंतर आयुष्यभरात त्यांनी २६ यंत्रे वापरली आणि २००१ पर्यंत जगले.

आणखी एक नाव आपण लक्षात ठेवावे. निळ्या बाळांवरच्या पहिल्या ऑपरेशनची पद्धत प्रयोगशाळेत ज्याने घडवली तो व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय माणूस होता. पैशाअभावी त्याला डॉक्टर होता आले नाही. काम संशोधकाचे असूनही कागदोपत्री त्याची नोंद सफाई कामगार म्हणून होती. २९ नोव्हेंबर १९४४ ला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिले ऑपरेशन झाले, तेव्हा तो सर्जनच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घालायचे ते सांगत होता. विद्यापीठाने त्याला मानाची डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. आपल्या मुलांच्या छातीवरच्या व्रणामागे अशा माणसांचे हात आहेत.

जुनी फाईल का लागते?

दुरुस्त केलेल्या हृदयात पेसमेकर बसवणे हे नेहमीच्या रुग्णापेक्षा वेगळे काम आहे. शिरेतून तार न्यायची तर वाट हवी. काही ऑपरेशनांत शिरा थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात, तेव्हा शिरेतून खालच्या कप्प्यापर्यंत नेहमीची वाटच उरत नाही. काहींच्या हृदयात बारीक छिद्र शिल्लक असते. अशा वेळी तारेवर जमलेली रक्ताची गुठळी मेंदूकडे जाऊन लकवा होऊ शकतो. मग तार शिरेतून न नेता हृदयाच्या बाहेरून शिवतात आणि यंत्र पोटाच्या कातडीखाली ठेवतात.

हा निर्णय घ्यायला डॉक्टरांना माहिती हवी असते: आजार नेमका कोणता होता, ऑपरेशन कोणते झाले, ठिगळ कुठे लावले. "छिद्र होते" एवढ्याने भागत नाही. ती माहिती डिस्चार्ज कार्डावर आणि ऑपरेशनच्या टिपणात असते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर कागद जपण्याचे बंधन ३ वर्षांचे आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत ते द्यायचे असतात. पंधरा वर्षांनी रुग्णालयात कागद मिळतीलच याचा भरवसा नाही. म्हणून आजच पेटी उघडा. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा, घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा, झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कागद हरवले असतील तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात मुलाचे नाव, वर्ष आणि योजनेचा नंबर सांगून अर्ज करा.

पेसमेकरनंतर कंपनीतले काम

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, जड उचलू नये, तार सरकू शकते. त्यानंतर असेंब्ली, पॅकिंग, स्टोअर, तपासणी, ऑफिस अशी बरीचशी कामे करता येतात.

जपायचे ते मोठ्या विजेपासून आणि चुंबकापासून. आर्क वेल्डिंग करायचेच असेल तर डॉक्टरांना विचारून, वेल्डिंगची जागा आणि केबल छातीपासून किमान ६० सेंटिमीटर दूर ठेवून आणि कमी करंटवर. साधारण १६० अ‍ॅम्पिअरच्या वर तर टाळावेच. स्पॉट वेल्डिंगच्या लाईन, इंडक्शन भट्ट्या, लोखंड उचलणारे मोठे चुंबक यांच्याजवळचे काम बदलून मागावे. डॉक्टरांकडून तसे लेखी पत्र घ्यावे. नोकरी जाईल या भीतीने यंत्र लपवून वेल्ड शॉपमध्ये उभे राहू नये.

घरात मिक्सर, टीव्ही, पंखा, फ्रिज यांची भीती नाही. इंडक्शन शेगडीपासून छाती दोन फूट दूर असावी. मोबाईल शर्टच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवावा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. एमआरआय, कोणतेही ऑपरेशन किंवा शेक देणारी यंत्रे यांच्या आधी पेसमेकरचे कार्ड दाखवावे. ते कार्ड सतत खिशात हवे. जखमेवर लाली, पू किंवा ताप आला तर लगेच जावे. दातांची स्वच्छता राखावी, कारण कुजलेल्या दातातले जंतू हृदयात घर करू शकतात. यंत्राची तपासणी वर्षातून एक-दोनदा होते, ती चुकवू नये.

खर्चाचे काय?

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर ठेकेदाराच्या कामगारालाही त्याचा हक्क आहे. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना हा विमा लागू आहे. चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे, तिथून मोठ्या उपचारासाठी पुढे पाठवतात. पुरेसे हप्ते भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणून पगाराची पावती आणि विमा क्रमांक जपून ठेवा.

ईएसआय नसेल तर जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे आणि पेसमेकर बसवणे तिच्या उपचारांत येते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. पहिल्या तपासणीसाठी पिंपरीत संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि पुण्यात ससून आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो आपला हक्क आहे, अजीजी करण्याची गरज नाही.

लग्न आणि बाळंतपण

मुलीच्या छातीवरचा व्रण सोयरिकीत लपवला जातो. मग गरोदरपणात डॉक्टरांनाही कळत नाही. गरोदरपणात हृदयावरचा भार बराच वाढतो. ऑपरेशन झालेल्या, पेसमेकर असलेल्या अनेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते, पण त्यासाठी आधी तपासणी आणि मोठ्या रुग्णालयात नोंदणी लागते. लपवलेली गोष्ट बाळंतपणाच्या खाटेवर उघडी पडण्यापेक्षा सोयरिकीच्या बैठकीत सांगितलेली बरी. मुलालाही हेच लागू आहे.

विहारात करण्यासारखे

प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेले वस्तीत कोण आहेत, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, एवढे विचारा. नाडी मोजायला शिकवा. ज्यांनी वर्षभरात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलेले नाही, त्यांच्यासोबत एक जण जाईल असे ठरवा. एकट्याने जायला माणूस कचरतो, सोबत कोणी असले की जातो.

आणि आज घरी गेल्यावर ती पेटी उघडा. तळाशी पडलेली फाईल वर काढा.